पाणी जातंय कुठे?



आज आम्ही तुमच्याशी आमच्या जीपबद्दल बोलणार आहोत. बायका रेडिओवर बोलायला बसल्या म्हणजे पापड, कोंबड्या, नाहीतर बाळाचं लसीकरण, असं ऐकणाऱ्याला वाटतं. ते सगळं आम्ही बोलतोच. पण गेल्या वैशाखात आमच्या गटाचे सगळ्यात जास्त पैसे अडकले ते जीपच्या बॉनेटखाली. आणि तिथे काय चाललंय, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

आमचा गट धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवरचा. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या, उन्हात वाळवायच्या आणि आमचूर विकायचा, हे आपल्या डोंगरात उन्हाळाभर घरोघरी चालतं. व्यापारी दारात येऊन देईल तो भाव घ्यायचा नाही, माल स्वतः खाली नंदुरबारला न्यायचा, म्हणून आम्ही गटाच्या कर्जातून एक जुनी डिझेल जीप घेतली. घेतली तेव्हाच ती बारा-तेरा वर्षांची होती. आमचूर नसेल तेव्हा ती भाडं करते. रात्री-अपरात्री एखाद्या बाईला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचं झालं, तर तीच धावते. म्हणजे जीप उभी राहिली की हप्ता थांबतो, आणि हप्त्याहून मोठं काहीतरीही थांबू शकतं.

त्या दिवशी जीपमध्ये आमचुराची पोती होती आणि आम्ही चौघी होतो. चांदसैली घाटाच्या चढणीवर काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. गाडी चालवणारा आमच्याच पाड्यावरचा पोरगा. त्याने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात आमच्यातल्या मोठ्या ताईंनी त्याचं मनगट धरलं. म्हणाल्या, “काय रे, शिट्टी झालेला कुकर वाफ जिरल्याशिवाय कोणी उघडतं का?”

मैत्रिणींनो, तिथेच पहिला धडा. रेडिएटर म्हणजे कुकरच आहे. आत दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण सैल केलं की ते एकदम उकळून उसळतं आणि चेहऱ्यावर, छातीवर येतं. म्हणून इंजिन बंद करायचं आणि निदान तासभर थांबायचं. वरचा पाइप हाताला गार लागला की मगच जाड ओलं फडकं टाकून झाकण थोडंसं फिरवायचं, राहिलेली वाफ जाऊ द्यायची आणि नंतर पूर्ण काढायचं. आणखी एक. कॅनमधलं गार पाणी तापलेल्या इंजिनावर ओतायचं नाही, रिकाम्या रेडिएटरमध्येही लगेच ओतायचं नाही. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी टाकलं तर तो तडकतो. इंजिनाचंही तसंच होतं.

आम्ही थांबलो, पाणी भरलं आणि हळूहळू खाली उतरलो. रस्त्यावरच्या एका मिस्तरींनी बॉनेटमध्ये एकदा डोकावून पाहिलं आणि सांगितलं, “हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागेल. पंचवीस हजार धरून चाला.”

गटाच्या हातात तेवढे पैसे नव्हते. त्या रात्री बैठक बसली. एकीने आठवण काढली, की शेजारच्या गटाची गाडीही अशीच तापत होती. त्यांनाही गॅस्केट सांगितलं होतं. त्यांनी कर्ज काढून इंजिन खोललं, तर गॅस्केट चांगलं निघालं. दोष रेडिएटरमध्ये होता, आतून गाळाने तुंबलेला. लक्षण एक, आजार वेगळा. पैसे मात्र गेले.

बैठकीला गाडी चालवणारा पोरगाही होता. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “काकी, पंधरा दिवस झाले, मी रोज बाटलीभर पाणी टाकतोय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही म्हणाल, मीच गाडी जाळली.”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मागे डिझेल जास्त लागलं म्हणून आम्ही त्याच्या रोजातून पैसे कापले होते. त्यामुळे त्याने तोंड मिटलं, आणि पंधरा दिवस गाडी आमच्याशी बोलत होती ते आम्हाला ऐकूच आलं नाही. तेव्हा ठरवलं की आधी हिशोब करायचा. पैशाचा करतो तसाच पाण्याचा. गाडीतलं पाणी रोज कमी होतंय, तर ते जातंय कुठे? पाणी हवेत विरत नाही. ते कुठल्या तरी वाटेने जातं. ती वाट सापडली की आजार सापडला.

वाटा कळायला आधी गॅस्केट म्हणजे काय ते बघू. कुकरच्या झाकणातली रबरी रिंग आपल्याला माहीत आहे. ती ढिली झाली की कडेने वाफ येते, पाणी जातं आणि डाळ शिजत नाही. इंजिनाचेही असेच दोन भाग असतात. खाली ब्लॉक, त्यात सिलिंडर आणि वरखाली होणारे पिस्टन. वर हेड, म्हणजे झाकण. दोघांच्या मध्ये भोकं पाडलेला एक पातळ थर बसवलेला असतो. तेच हेड गॅस्केट. कुकरच्या रिंगला एकच काम, वाफ अडवायची. ह्याला तीन कामं. सिलिंडरातला जाळ आणि दाब सिलिंडरातच ठेवायचा, इंजिन गार करणारं पाणी पाण्याच्या भोकातून जाऊ द्यायचं आणि ऑइल ऑइलच्या भोकातून. तिघांची गाठ पडू द्यायची नाही.

डिझेल गाडीत हे काम जास्त कठीण असतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या इंजिनिअरने १८९७ साली जर्मनीत आपलं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं, त्याची युक्ती अशी होती की हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते आणि तिच्यात इंधन फवारलं की आपोआप पेटतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, ते आठवा. जुन्या डिझेल गाडीत हवा साधारण विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबली जाते आणि ५०० अंशांच्या वर तापते. एवढा दाब त्या पातळ गॅस्केटला दर फेऱ्याला सोसावा लागतो. त्यात इंजिन जास्त तापलं की हेड केसभर वाकतं आणि गॅस्केटवरची पकड सुटते. म्हणून ध्यानात ठेवा, गॅस्केट गेल्यावर गाडी तापते हे खरं, पण बऱ्याच वेळा गाडी आधी तापलेली असते म्हणून गॅस्केट जातं.

आता पाण्याच्या चार वाटा.

पहिली वाट, सरळ बाहेर. ही सगळ्यात स्वस्त, म्हणून आधी बघायची. रात्री गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठा ओला असेल तर त्याच्या वरच्या बाजूला शोधा. होज पाइपचे जोड, पाण्याचा पंप, रेडिएटरचा तळ. गळतीच्या जागी पांढरट किंवा हिरवट डाग राहतो. पुठ्ठा कोरडा असेल तरी बाहेरची वाट संपली असं समजू नका. रेडिएटरचं झाकण तपासा. त्याची रबर कडक झाली असेल, स्प्रिंग ढिली असेल, तर पाणी फक्त तापल्यावर बाहेर जातं आणि रस्त्यातच वाळतं. हे झाकण साधं नसतं. तोरणमाळसारख्या हजार मीटरहून उंच जागी उघड्या पातेल्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. पण ०.९ आकडा असलेलं चांगलं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे गाडीतलं पाणी ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण बिघडलं की तेच पाणी घाटात लवकर उकळतं. म्हणून इंजिन खोलण्याआधी त्याच आकड्याचं नवं झाकण लावून बघावं.

दुसरी वाट, सिलिंडरातून धुरावाटे. गाडी पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहिला आणि पाणीही कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरात जातंय असा संशय घ्यावा. इथे फसगत होते. थंडीच्या सकाळी थोडी वाफ कुठल्याही गाडीतून येते आणि जाते. डिझेल गाडीत हीटर प्लग किंवा नोझल खराब असेल तरीही पांढरा धूर येतो, पण तो डोळ्यांना झोंबतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो. निळसर धूर ऑइलचा, काळा धूर जास्त डिझेलचा किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा. एक धोका मात्र मोठा. रात्रभर सिलिंडरात पाणी साचलं आणि सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन ‘ठक्’ करून अडकलं, तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही आणि धक्का तर मुळीच द्यायचा नाही. पाणी दाबलं जात नाही. पिस्टनचा दांडा वाकतो आणि मग खर्च गॅस्केटपुरता राहत नाही.

तिसरी वाट, ऑइलमध्ये. इंजिन गार असताना ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून काढा. ऑइल काळं असेल तर घाबरू नका, डिझेल गाडीचं ऑइल काळंच होतं. पण ते दुधाच्या चहासारखं दिसलं, किंवा पट्टीवर पातळी न भरताच वाढलेली दिसली, तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. ती गाडी सुरूच करायची नाही. तसंच चालवलं तर इंजिनाच्या बेअरिंग खराब होतात. ऑइल भरायच्या झाकणाखाली मात्र पावसाळ्यात थोडी मलई दिसू शकते, गाडी फक्त जवळजवळच्या फेऱ्या करत असेल तर जास्तच. ती हवेतल्या ओलाव्याची असते. एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही, पट्टी बघायची. उलटही बघा. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? असेल तर गॅस्केटबरोबर ऑइल कूलरही तपासायला सांगा. काही गाड्यांत तिथेही ऑइल आणि पाण्याची गाठ पडते.

चौथी वाट थोडी वेगळी. इथे सिलिंडरातली हवा गॅस्केटमधून पाण्यात घुसते आणि पाण्याला बाहेर ढकलते. घरी करता येईल अशी परीक्षा आहे. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि गाडी सुरू करा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे आले तर ती अडकलेली हवा. पण भात रटरटतो तसे बुडबुडे येतच राहिले आणि ॲक्सिलरेटर दाबला की वाढले, तर तो सिलिंडरातला दाब समजावा. दुसरी खूण, वरचा होज पाइप. चांगल्या गाडीत तो गाडी तापल्यावर हळूहळू टणक होतो. झाकण लावून गार गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटांतच तो दगडासारखा झाला, तर दाब वाफेचा नाही, सिलिंडराचा आहे. ही परीक्षा करताना पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा. पंखा आणि पट्टा जवळच फिरत असतात. तोंड झाकणावर नेऊ नका आणि गाडी तापायच्या आत बंद करा.

आणि पाणी कुठेच जात नसेल, पातळी तशीच असेल आणि तरी गाडी तापत असेल तर? मग शेजारच्या गटाची गोष्ट आठवा. फॅन बेल्ट ढिला, पंखा मंद, थर्मोस्टॅट अडकलेला, रेडिएटर बाहेरून धूळ-गवताने किंवा आतून क्षाराने तुंबलेला. ही चौकशी गॅस्केटच्या आधीची.

आम्ही आमचूर दुसऱ्या गाडीने पाठवला, जीपला घाट बंद केला आणि गावातल्या गावात थोडी थोडी चालवत आठ दिवस वही ठेवली. रोज सकाळी, इंजिन गार, जागा तीच. पाण्याच्या बाटलीवर नेलपॉलिशने रेघ मारली आणि रेघेपर्यंत भरायला किती लागलं ते मापून लिहिलं. तारीख, किलोमीटर, पाणी, पुठ्ठा ओला की कोरडा, धूर कसा. लिहायचं काम आमच्या गटाच्या सचिवताईंकडे, कारण हिशोबाची वही त्यांच्याच हातची.

तीन दिवस पुठ्ठा कोरडा. चौथ्या दिवशी नवं झाकण लावलं. पाणी कमी लागलं, पण लागायचं थांबलं नाही. ऑइल ठीक. धूर सकाळी थोडा, मग साफ. सहाव्या दिवशी झाकण काढून गाडी सुरू केली. बुडबुडे आले, थांबले नाहीत, वाढले. मग झाकण लावून पुन्हा बघितलं, तर दोन मिनिटांत पाइप टणक. पहिल्या मिस्तरींचं म्हणणं खरं होतं. पण आता ते आमच्या वहीतही होतं.

वही घेऊन आम्ही तळोद्याच्या दुसऱ्या एका मिस्तरींकडे गेलो, गाडी टोचन करून. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, “ताई, माझं अर्धं काम तुम्हीच केलंत.” त्यांनी रेडिएटरवर हातपंप लावून दाब दिला. दाब उतरत होता आणि बाहेर थेंब नव्हता. मग गाडी चालू ठेवून त्यांनी एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल केला. तिसऱ्या सिलिंडरला तसं करताच बुडबुडे थांबले. म्हणजे दाब तिथूनच येत होता. ही परीक्षा जुन्या पंपाच्या गाडीत आणि जाणत्या मिस्तरीनेच करायची. नवीन कॉमन रेल गाडीत अजिबात नाही, तिथल्या डिझेलचा फवारा कातडीतून आत जातो.

आमच्यासमोर हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरापासून पाण्याच्या भोकापर्यंत गॅस्केट जळून काळं पडलेलं. हेडवर सरळ पट्टी ठेवून फटीत पातळ पातं घालून बघितलं, किंचित वाकलेलं. तडा नव्हता. लेथवर फेसिंग करून ते सपाट झालं. मग मिस्तरींनी रेडिएटर उघडून दाखवला. निम्म्या नळ्या क्षाराने बंद. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतत गेल्याचा तो परिणाम. म्हणजे मुळातला आजार तो होता, गॅस्केट त्याचा बळी. नुसतं गॅस्केट बदलून घाट चढलो असतो तर तेही गेलं असतं. रेडिएटरसकट सगळं मिळून सतरा हजार झाले. त्यांचं म्हणणं, आणखी दोन-चार वेळा अशीच तापली असती तर हेडच तडकलं असतं.

मैत्रिणींनो, इंजिन खोलायची वेळ आलीच तर मिस्तरींना हे विचारा. भांडायला नाही, समजून घ्यायला. दादा, कुठल्या परीक्षेवरून गॅस्केट म्हणता? हेड सपाट आहे का ते पट्टीने आणि तडा आहे का ते दाबाने तपासणार ना? गॅस्केट जुन्याच जाडीचं आणणार ना? डिझेल इंजिनात गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचं येतं आणि खुणेवरून ओळखतात. बोल्ट टॉर्क पान्याने, मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळणार ना? ज्या इंजिनाला नवे बोल्ट लागतात त्याला नवेच घालणार ना? गाडी मुळात तापली कशाने, ते सापडलं का? आणि शेवटचं, जुने सुटे भाग आम्हाला परत द्या. आमचं जळकं गॅस्केट आम्ही बैठकीच्या खोलीत खिळ्याला लावून ठेवलंय. नव्या बाई आल्या की त्यांना ते दाखवून चारही वाटा सांगतो.

आता जीपमध्ये साधं पाणी पडत नाही. डिस्टिल्ड पाण्यात मापाने कूलंट मिसळून घालतो. वही चालूच आहे. आणि बैठकीत एक नियम केला. गाडीचं पाणी कमी झालं, आवाज बदलला, काटा वर गेला, हे जो येऊन सांगेल त्याला बोल लावायचा नाही, त्याचा रोज कापायचा नाही. कापलेले पैसे त्या पोराला परत दिले. परवा सकाळी तो स्वतःच वही घेऊन आला. म्हणाला, “काकी, आज अर्धा कप लागलं. लिहा.” अर्धा कप! पण त्याने सांगितलं आणि आम्ही लिहिलं. पट्टीचा जोड थोडा ढिला होता, आवळला. दहा मिनिटांचं काम.

तुमच्या गटाची गाडी असेल, घरची असेल, नाहीतर रोज ज्या गाडीने बाजाराला जाता ती असेल. उद्या सकाळी ती गार असताना एक पुठ्ठा, एक बाटली आणि एक वही एवढंच घ्या. आणि चालवणाऱ्याला प्रेमाने विचारा, भाऊ, पाणी किती लागलं? त्याचं खरं उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.